दर्या गेला कुठे? वेस्टनच्या किनाऱ्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात स्विंडनमधल्या गोवेकरांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा ढीग येऊन पडला. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गावाबद्दलचे, वेस्टन-सुपर-मेअर. कारण उघड आहे. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, तो घेऊन ब्रेक्झिटच्या आधी बरेच जण इंग्लंडात गेले आणि त्यातले कितीतरी स्विंडनलाच स्थिरावले. स्विंडनला समुद्र नाही. मग आईबाबा उन्हाळ्यात भेटायला आले की मुलं त्यांना गाडीत घालून नेतात वेस्टनला, ब्रिस्टलच्या पलीकडे, आणि आईबाबा परत येऊन आम्हाला पत्र लिहितात. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्या किनाऱ्यालाच दिलाय.

"मुलगा आम्हाला हौसेने वेस्टनला घेऊन गेला. दुपारी एकला पोचलो तर समुद्रच नाही! नजर जाईल तिथवर चिखल. मुलगा म्हणाला, आई ओहोटी आहे. अहो, आमचा जन्म समुद्राकाठी गेला, आम्हाला काय ओहोटी माहीत नाही? ही कसली ओहोटी?" (एक काकू, म्हापसा)

काकू, तुमची ओहोटी आणि तिथली ओहोटी यात फरक आहे आणि तो लहानसहान नाही. आपल्याकडे उधाणाच्या दिवशीसुद्धा भरती आणि ओहोटीच्या पाण्यात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे माणूस बुडेल एवढा. ब्रिस्टलच्या खाडीत हाच फरक उधाणाला बारा मीटरच्या वर जातो, वेस्टनच्या थोडं वर एव्हनमाउथ बंदर आहे तिथं तर चौदापर्यंत. चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडवायची आणि दोनदा उघडी पाडायची, असा हिशेब. आणि वेस्टनचा किनारा ताटासारखा सपाट, त्यामुळे पाणी उतरतं म्हणजे नुसतं खाली जात नाही तर लांब जातं, जवळजवळ दीड किलोमीटर.

हे असं का होतं, तर त्या खाडीचा आकार नरसाळ्यासारखा आहे, अटलांटिकच्या बाजूला रुंद तोंड आणि आत एका बाजूला वेल्स, दुसऱ्या बाजूला इंग्लंड, दोन्ही किनारे जवळ जवळ येत जातात आणि तळही वर येत जातो. महासागराची भरती आत शिरली की तिला पसरायला जागाच नसते, मग ती उंच चढते. शिवाय खाडीची लांबी अशी जमून आलीय की आत गेलेलं पाणी परत फिरतं तेव्हा पुढच्या भरतीचा धक्का त्याला नेमका वेळेवर बसतो आणि हेलकावा वाढत जातो. जगातल्या सगळ्यात मोठ्या भरती-ओहोट्यांमध्ये हिची गणना होते. पाण्याचा तो चहासारखा रंगही त्यामुळेच, सेव्हर्न नदीचा गाळ एवढ्या ओढीत खाली बसतच नाही. लोक नाक मुरडतात, गटार म्हणतात, तो गाळ आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. आपल्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, ते गणित तिथं चालत नाही, पण तिथी चालते! वेस्टनला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी सात-आठला येते, म्हणजे दुपारी एक-दोनला पाणी सगळ्यात लांब. आणि उधाण असल्यामुळे तेव्हाच ते जास्तीत जास्त लांब. तुम्ही जेवून-खाऊन रमतगमत दुपारी पोचलात, बहुतेक पौर्णिमेच्या मागेपुढेच गेला असणार, कॅलेंडर काढून बघा. अष्टमीच्या एखाददुसऱ्या दिवशी गेलात तर भरती दुपारी येते. भांगाचे दिवस म्हणून पाणी कमी चढतं, पण समोर समुद्र दिसतो तरी. मुलाला फोनवर टाइड टेबल बघायला सांगा, फुकट मिळतं, पण घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर अर्धं काम तिथंच झालं.

"माझी मुलं त्या चिखलात लांबपर्यंत पळत जातात. समुद्र दिसतो ना तिकडं, म्हणून. बायको घाबरते, मी म्हणतो जाऊ दे. कोण बरोबर?" (स्विंडनहून, मूळ गाव काणकोण)

बायको. पियरच्या, म्हणजे समुद्रात खांबांवर बांधलेल्या लांब धक्क्याच्या आसपास, पायऱ्यांजवळ जी कोरडी रेती आहे तिथं पोरांना काय हवं ते करू दे, गाढवावर बसू दे, किल्ले बांधू दे. पण रेती संपून चमकणारा राखाडी चिखल सुरू होतो तिथं थांबायचं. वरून घट्ट वाटतो, पाय घोट्यापर्यंत जातो, मग गुडघ्यापर्यंत, आणि ओढायला गेलं की दुसरा पाय रुततो. पाणी परत येतं तेव्हा लाट वगैरे दिसत नाही, सपाट किनाऱ्यावर ते नुसतं पसरत येतं आणि बऱ्याचदा मागच्या खोलगट जागा आधी भरतात. दक्षिणेला बर्नहॅमला तर चिखलातून माणसं काढायला खास हॉवरक्राफ्ट ठेवलेत, बोट चालत नाही आणि माणूस चालू शकत नाही म्हणून. कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः धावत जायचं नाही, ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. पाटीवर लिहिलेलं असतं, पण आपण पाट्या वाचतो कुठे, बागा बीचवर लाल झेंड्याखाली उभं राहून सेल्फी काढणारी जात आपली.

"वेस्टन हे मूळ काय गाव होतं? कोळ्यांचं? की इंग्रजांनी मुद्दाम बांधलं? शाळेत प्रोजेक्टला हवंय." (एक विद्यार्थिनी, पणजी)

दोन्ही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शंभरेक वस्तीचं खेडं होतं, मासे धरणारी, शेती करणारी माणसं. त्या काळात इंग्लंडात डॉक्टर लोकांनी समुद्राच्या पाण्याचं खूळ काढलं होतं, पाण्यात डुंबा आणि वर ते पाणी प्यासुद्धा म्हणायचे, त्यामुळे श्रीमंत मंडळी किनारे धुंडाळत फिरायची. वेस्टनला पहिलं हॉटेल उघडलं १८१० मध्ये. पण गाव खऱ्या अर्थाने फुगलं ते रेल्वेमुळे.

१८४१ मध्ये ब्रिस्टलहून एक्झिटरकडे जाणारी लाइन आली, इंजिनियर इझंबार्ड किंगडम ब्रुनेल, आणि काम चालू असताना तो वेस्टनमध्येच मुक्कामाला होता. गंमत अशी की मुख्य लाइन गावापासून थोडी लांबून गेली, तिथून गावात यायला एक छोटा फाटा काढला आणि त्या फाट्यावर इंजिन नव्हतं, घोडे डबे ओढायचे! १८५१ पर्यंत. म्हणजे ब्रिस्टलहून वाफेच्या गाडीने धडधडत यायचं आणि शेवटच्या टप्प्यात घोड्याच्या चालीने, टोप्या उडू नयेत म्हणून धरून.

प्रोजेक्टमध्ये हेही टाक, की स्विंडनही याच ब्रुनेलच्या रेल्वेचं अपत्य. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनांचा कारखाना तिथं होता, १९८६ ला बंद पडला. त्या कारखान्याच्या कामगारांची वर्षातून एक 'ट्रिप' असायची, १८४९ मध्ये सुरू झाली, पुढे पुढे कंपनीच्या स्पेशल गाड्या भरून आख्खं शहर समुद्रावर जायचं आणि मागे स्विंडनमध्ये शुकशुकाट. जास्त लोक वेमथला जायचे, काही वेस्टनला. आज आपली माणसं रविवारी गाडी काढून जातात ती दीडशे वर्षांची वहिवाटच चालवतायत, फक्त डब्यात सँडविचऐवजी चपाती आणि सुक्या सुंगटांची किसमूर.

"वेस्टनला एक पियर धडधाकट आहे आणि एक पडका. असं का? पडक्यावर जाता येतं का?" (वास्को)

वास्कोचे म्हणजे तुम्हाला धक्के-जेटी यांची नजर असणार, म्हणून सविस्तर सांगतो, आणि मलाही यातच जास्त रस आहे.

पडका तो बर्नबेक, आणि खरा इतिहास त्याचाच. १८६७ मध्ये उघडला, किनाऱ्यापासून निघून एका छोट्या खडकाळ बेटावर जातो आणि तिथून पुढे बोटींचे धक्के. ब्रिटनमध्ये बेटाला जोडणारा असा हा एकच पियर. तो गावाच्या मध्यात न बांधता उत्तरेच्या टोकाला का बांधला ते बघा, तिथं पाणी खोल आहे, ओहोटीतही बोट लागू शकते. वेल्सच्या किनाऱ्यावरून, कार्डिफहून, वाफेच्या बोटी भरभरून यायच्या. १८८१ मध्ये वेल्समध्ये रविवारी दारूची दुकानं बंद ठेवायचा कायदा झाला, मग तहानलेल्या लोकांना समोरचा इंग्लंडचा किनारा जास्तच आवडायला लागला असं म्हणतात. (सीमेपलीकडून दारूसाठी येणाऱ्यांबद्दल आपण गोवेकरांनी काय बोलावं!) बेटावर चहाची दुकानं, झोपाळे, खेळ, सगळं होतं, त्यामुळे बरेच लोक पियरवरच दिवस काढून तिथूनच बोटीने परत जायचे आणि गावातले दुकानदार हात चोळत बसायचे.

त्या दुकानदारांच्या पोटदुखीतून दुसरा, ग्रँड पियर आला, १९०४ मध्ये, गावाच्या ऐन मध्यात. त्यालाही बोटी लागाव्यात म्हणून पुढे लांबलचक जेटी जोडली, पण ओढ एवढी की बोटी लावणं जिवावरचं काम, शेवटी काही वर्षांत ती जेटी तोडून टाकली. माणसानं पैसा ओतला, समुद्रानं ऐकलं नाही. ग्रँड पियरचा मंडप १९३० मध्ये जळला, परत बांधला, २००८ च्या जुलैमध्ये परत जळून खाक झाला आणि २०१० मध्ये पुन्हा उघडला. आत आता नाण्यांची मशीन, छोट्या गाड्या, भुताचं घर वगैरे आहे, कान किटतात. मला विचाराल तर आत जाऊ नका, बाहेरच्या फळ्यांवरून टोकापर्यंत चाला आणि खाली बघा, खांबांवर शेवाळाची रेघ कुठपर्यंत चढलीय ते दिसतं, बारा मीटर म्हणजे काय ते तिथं कळतं.

बर्नबेक दुसऱ्या महायुद्धात नौदलानं ताब्यात घेतला होता, चित्रविचित्र शस्त्रांच्या चाचण्या तिथं चालायच्या. मग बोटी बंद झाल्या, वेल्सला जायला सेव्हर्नवर पूल झाला, मोटारी आल्या, १९९४ पासून पियर लोकांना बंद. २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलनं तो दुरुस्तीसाठी विकत घेतला. जाता येत नाही, पण वरच्या रस्त्यावरून मस्त दिसतो. पोर्तुगीज काळातल्या आपल्या ओस पडलेल्या घरांकडे बघताना वाटतं तसंच काहीतरी वाटतं.

"त्या भागात समुद्रसपाटीच्या खालची शेती आहे असं ऐकलं. म्हणजे आपल्या खाजनासारखी?" (दिवाडी)

अगदी तशीच, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, आणि दिवाडीचा माणूसच हे विचारणार! वेस्टनच्या मागे, दक्षिणेला, सॉमरसेट लेव्हल्स म्हणून सपाट मुलूख आहे, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा बराचसा खाली. समुद्राच्या बाजूला बांध, आत चर खणलेले आणि नदीच्या मुखाशी दारं, भरती आली की बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. आपली मानस, बांधातलं ते पाण्याचं दार, दुसरं काय करते? फरक एवढाच की आपल्याकडे आत भात आणि मासे, त्यांच्याकडे गवत आणि गाई, त्या दुधाचं चेडर चीज. मध्ययुगात मठवाल्यांनी ही कामं मोठ्या प्रमाणावर केली, आपल्याकडे गावकारांनी.

आणि बांध फुटला की काय होतं तेही दोन्हीकडे सारखंच. ३० जानेवारी १६०७ ला या खाडीच्या दोन्ही काठांवर समुद्र आत घुसला, अंदाजे दोन हजार माणसं गेली, गुरं तर मोजायलाच नकोत. काही जुन्या चर्चमध्ये पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण अजून आहे. कुणी म्हणतं वादळ आणि उधाण एकत्र आलं, कुणी त्सुनामी म्हणतं, वादळवाले जास्त आहेत आणि मलाही तेच पटतं. डिसेंबर १९८१ मध्ये परत दणका बसला, त्यानंतर बर्नहॅमला ती आत वळलेली दणदणीत भिंत बांधली. दिवाडीकर, तिथं गेलात तर बीच सोडा, या चरांवरून चाला, आपल्या बांधांवर कोळंबीच्या तळ्यांसाठी काय चाललंय आणि त्यांनी तिथं देखभालीला स्वतंत्र मंडळं कशी नेमलीत ते बघून या आणि इथं ग्रामसभेत सांगा.

"मासे काय मिळतात? फिश अँड चिप्स सोडून बोला." (मडगाव)

मग फारसं बोलायला नाही, पाटरांव. फिश अँड चिप्समधला कॉड किंवा हॅडकही त्या खाडीतला नव्हे, उत्तरेच्या थंड समुद्रातला. उन्हाळ्यात बांगड्याचा भाऊ मॅकरेल मिळतो, चवीला आपल्यापेक्षा तेलकट, रिशादचा लाल मसाला भरून तळलात तर घरच्यासारखा लागतो.

पण एक गोष्ट सांगतो. खाडीच्या दक्षिणेला स्टोलफर्ड नावाच्या ठिकाणी चिखलावरून लाकडी घसरगाडी ढकलत मासे धरायची पद्धत आहे, 'मड हॉर्स' म्हणतात. माणूस गाडीवर छातीनं रेलतो, वजन त्या लाकडावर, पाय मागे चिखलात मारत मारत लांबवर रोवलेल्या खुंट्यांच्या जाळ्यांपर्यंत जातो, ओहोटीत जाळ्यात राहिलेली कोळंबी आणि मासे गोळा करतो आणि पाणी परत यायच्या आत मागे फिरतो. पिढ्यानपिढ्या हेच. आता जवळपास संपत आलंय. रापण ओढणाऱ्या आपल्या लोकांना हे दाखवायला पाहिजे.

"तिथं म्हणे नोव्हेंबरमध्ये कार्निव्हल असतो? ख्रिस्तीच ना ते, लेंटच्या आधी नको का?" (पर्वरी)

लेंटशी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासांशी, संबंध नाही. १६०५ च्या ५ नोव्हेंबरला लंडनची पार्लमेंट बारुदानं उडवायचा कट फसला, त्याच्या आठवणीत होळ्या पेटवतात, त्यातून सॉमरसेटच्या मिरवणुका निघाल्या. आधी ब्रिजवॉटर, मग त्या महिन्यात एकेक गाव करत वेस्टनची पाळी. रात्रीचा असतो. ट्रॅक्टरमागे लांबच लांब चित्ररथ, हजारो बल्ब, काहींवर नाच आणि काहींवर माणसं पुतळ्यासारखी थिजून उभी, थंडीत, अर्ध्या कपड्यांत, पापणी हलवायची नाही! आपल्या कार्निव्हलसारखा मोमो राजा नाही, पण फ्लोट बांधायला क्लबवाले वर्षभर राबतात ते आपल्यासारखंच.

"एक दिवस हातात आहे. बीच बघून झाला. अजून काय?" (साखळी)

ब्रीन डाउन. बीचच्या दक्षिण टोकापलीकडे समुद्रात घुसलेला चुनखडीचा लांब डोंगर, जवळजवळ शंभर मीटर उंच. वेस्टनहून सरळ समोर दिसतो, पण मध्ये नदी आहे, गाडीने वळसा घालून जावं लागतं. पायऱ्या चढून गेलं की टोकाला १८६० च्या दशकात फ्रेंचांच्या भीतीनं बांधलेला किल्ला, ते फ्रेंच कधी आलेच नाहीत आणि १९०० मध्ये किल्ल्याचं दारूगोदाम आतल्याच एका सैनिकाच्या गोळीनं उडालं. तिथून समोर फ्लॅट होम आणि स्टीप होम ही दोन बेटं. मार्कोनीनं १३ मे १८९७ ला वेल्सच्या किनाऱ्यावरून फ्लॅट होमला बिनतारी संदेश पाठवला, उघड्या समुद्रावरून गेलेला तो पहिला, आणि काही दिवसांनी थेट या ब्रीन डाउनपर्यंत. किल्ल्यात उभं राहून मोबाइलवर घरी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा एवढं आठवा.

वेळ उरला तर उत्तरेला क्लीव्हडनचा पियर, १८६९ चा, ब्रुनेलच्या रेल्वेचे जुने रूळ वापरून बांधलेला, एवढा नाजूक की वाऱ्यानं हलेल असं वाटतं. १९७० मध्ये वजनाची चाचणी घेताना त्याचा भाग कोसळलाच होता, लोकांनी वर्गणी काढून उभा केला. वेस्टनच्या ग्रँड पियरपेक्षा मला हा दसपट आवडतो. आणि बर्नहॅमला रेतीत नऊ लाकडी पायांवर उभा असलेला १८३२ चा दीपगृह, फोटोसाठी जायचं, पण वर म्हटलं तसं चिखल सांभाळून.

वेस्टनच्या ट्रॉपिकाना या बंद पडलेल्या जलतरण तलावात २०१५ मध्ये भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सीनं 'डिस्मलँड' नावाचं उदासवाणं जत्रेचं प्रदर्शन भरवलं होतं, महिनाभर जगभरचे लोक आले, आता तिथं त्याचं काही नाही, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

"मुलानं घरी चवथ करायची ठरवलीय, दीड दिवसाची. विसर्जन वेस्टनला केलं तर चालेल का?" (डिचोली)

आधी कौन्सिलला लेखी विचारायला सांगा, मूर्ती शाडूचीच हवी, रंग-थर्माकोल काही नको. आता तिथीचं बघू. पंचमीला तिथं भरती दुपारी बाराच्या आसपास. आपल्यासारखी संध्याकाळची आरती करून निघालात तर सहाला पाणी लांब पळालेलं आणि मूर्ती डोक्यावर घेऊन त्या चिखलात उतरणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं वाया. तेव्हा उत्तरपूजा सकाळी लवकर आटपा, अकराला पायऱ्यांवर हजर राहा आणि पाणी पायरीला लागलं की काम उरका. अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवणार असाल तर मात्र संध्याकाळी सातच्या सुमाराला पाणी तुमच्यासाठी वर येईल. तिथल्या मरीन लेकमध्ये, बांध घालून पाणी अडवलंय ना तिथं, अजिबात नको, पोरं पोहतात. आणि परवानगी नाही मिळाली तर घरी बादलीत करा, पाणी बागेतल्या झाडांना घाला.